गादी अंगावर ओढून घ्या

२४ ऑगस्ट १९९२ची पहाट. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, मायामी शहराच्या दक्षिणेला ‘अँड्र्यू’ नावाचं चक्रीवादळ धडकत होतं. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६५ किलोमीटर. वीज गेलेली, घराघरांत माणसं अंधारात बसलेली, आणि छोट्या रेडिओवरून एक शांत आवाज सांगत होता: घराच्या मधल्या भागात जा. खिडकी नसलेली जागा शोधा. न्हाणीघर असेल, माणूस आत मावेल असं कपाट असेल, जे असेल ते. पलंगावरची गादी सोबत न्या आणि आता ती अंगावर ओढून घ्या.

तो आवाज होता ब्रायन नॉरक्रॉस यांचा. मायामीच्या डब्ल्यूटीव्हीजे या टीव्ही केंद्राचे ते हवामानतज्ज्ञ. त्या वादळात ते सलग २३ तास बोलत राहिले. स्टुडिओत थांबणं धोक्याचं वाटू लागलं तेव्हा सगळे जण केंद्रातल्याच एका भक्कम कोठीच्या खोलीत सरकले आणि प्रक्षेपण तिथून चालू राहिलं. टीव्हीवरचा माणूस रेडिओवर कसा? वीज गेली की टीव्ही बंद पडणार, हे धरून रेडिओशी आधीच बोलणी करून ठेवली होती. त्यामुळे टीव्हीचा आवाज जसाच्या तसा रेडिओवरून जात होता, आणि सेलवर चालणारा रेडिओ ज्याच्याजवळ होता त्याच्यापर्यंत पोचत होता. उजाडलं तेव्हा २५ हजारांहून अधिक घरं उद्ध्वस्त झालेली होती. तुमच्या सांगण्यावरून आम्ही गादीखाली शिरलो म्हणून वाचलो, असं सांगणारी माणसं नॉरक्रॉस यांना पुढे कित्येक वर्षं भेटत राहिली.

वाऱ्याचा वेग त्या रात्री सगळेच सांगत होते. पण ताशी २६५ किलोमीटर म्हणजे मी आत्ता काय करू? या प्रश्नाचं उत्तर ‘गादी’ आहे. आकाशात जे चाललंय त्याचं रूपांतर ऐकणाऱ्याच्या पुढच्या कृतीत करून द्यायचं, ही स्थानिक केंद्राची खरी कामगिरी. ती नेमकी कशी पार पडते, त्यामागे किती तयारी असते आणि ती कुठे कोलमडते, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करू

हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच. अटलांटिक महासागरात त्याला हरिकेन म्हणतात, आपल्याकडे सायक्लोन. तिकडचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर.

दुसरी गोष्ट तिथल्या टीव्हीची रचना. आपल्याकडे मराठी वृत्तवाहिनी अख्ख्या महाराष्ट्राची असते. वेंगुर्ल्याला जे दिसतं तेच गडचिरोलीला. अमेरिकेत टीव्हीसाठी देशाचे २१० विभाग पाडलेले आहेत. एनबीसी, सीबीएस, एबीसी अशा मोठ्या कंपन्या मालिका आणि राष्ट्रीय बातम्या पुरवतात, पण घरी दिसणारं केंद्र आपल्या शहराचं असतं. त्याचे बातमीदार वेगळे, हवामानतज्ज्ञ वेगळे, मनोरा वेगळा. रेडिओचंही तसंच. केंद्रांची नावं अक्षरांची असतात. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला बहुधा ‘डब्ल्यू’ने सुरू होणारी, पश्चिमेला ‘के’ने. पुढे अशी बरीच अक्षरं येतील, त्यांनी बिचकून जाऊ नका.

वादळ जवळ आलं की ही केंद्रं मालिका, खेळ, बहुतेकदा जाहिरातीसुद्धा बाजूला ठेवतात आणि चोवीस तास फक्त वादळावर बोलतात. त्यासाठी माणसांच्या दोन तुकड्या पडतात. एक वादळात काम करते, दुसरी दूर सुरक्षित राहून नंतर पहिलीला सोडवते. केंद्रातच खाटा टाकल्या जातात, पाणी आणि खाणं भरून ठेवतात, जनरेटरचं डिझेल तपासतात, गाड्या उंचावर नेऊन लावतात. बातमीदारांची घरंही त्याच शहरात असतात, हे आपण विसरतो. छपराची बातमी देणाऱ्याच्या स्वतःच्या घराचं छप्पर राहिलंय की नाही, हे बहुतेकदा त्यालाच ठाऊक नसतं.

अंदाज कुणाचा, शब्द कुणाचे

वादळाचा अंदाज टीव्ही केंद्र काढत नाही. मायामीत राष्ट्रीय हरिकेन केंद्र आहे. विमानं प्रत्यक्ष वादळात शिरून मोजमापं आणतात, उपग्रह आणि संगणकी प्रारूपं असतात, आणि त्या सगळ्यावरून हे केंद्र दर सहा तासांनी अधिकृत पत्रक काढतं. वादळी वारे पोचण्याच्या साधारण ४८ तास आधी सावधानतेची सूचना आणि ३६ तास आधी इशारा, असा त्यांचा नेम. समुद्राचं पाणी फुगून आत शिरण्याचा, म्हणजे वादळी उधाणाचा, वेगळा इशारा २०१७पासून द्यायला लागले. अमेरिकेत चक्रीवादळात वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त माणसं मरतात. ‘पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा’ हा तिथल्या आपत्ती व्यवस्थापनाचा आवडता मंत्र आहे, आणि कोणत्या वस्तीने पळायचं ते केंद्रं पडद्यावर वस्त्यांची नावं घेऊन पुन्हा पुन्हा सांगतात.

पत्रक आलं की ते वाचून दाखवणं सोपं. समजावणं अवघड. त्यातलं सर्वांत फसवं चित्र म्हणजे नकाशावरचा तो पांढरा शंकू. पुष्कळ जणांना वाटतं, शंकूच्या आत वादळ आणि बाहेर आपण सुखरूप. तसं नसतं. वादळाचा मध्यबिंदू कुठून जाऊ शकेल एवढंच तो शंकू दाखवतो, आणि तेही तीनपैकी साधारण दोन वेळा खरं ठरेल अशा बेताने आखलेला असतो. वारा, पाऊस आणि उधाण त्याच्या बाहेर शेकडो किलोमीटर पसरू शकतात.

त्या शंकूच्या मधोमध पूर्वी एक बारीक काळी रेघ ठळक दिसायची. ऑगस्ट २००४मध्ये ‘चार्ली’ वादळाची ती रेघ टँपा शहराकडे जात होती. दक्षिणेकडच्या पुंटा गोर्डाच्या लोकांनी ती पाहिली आणि संकट टँपाचं आहे असं धरून चालले. वादळ काही तासांत फोफावलं, टँपाला पोचण्याआधीच उजवीकडे वळलं आणि पुंटा गोर्डावर आदळलं. गंमत अशी की ते गाव इशाऱ्याच्या क्षेत्रात होतं, शंकूतही होतं. लोकांनी फक्त रेघ वाचली होती. तेव्हापासून ‘रेघेकडे बघू नका’ हे फ्लोरिडातल्या हवामानतज्ज्ञांचं पालुपद झालं.

मग लोक ऐकतात कुणाचं? ज्याच्यावर विश्वास आहे त्याचं, आणि तो विश्वास एका वादळात मिळत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये नॅश रॉबर्ट्स नावाचे हवामानतज्ज्ञ होते. संगणकी चित्रांच्या जमान्यातही ते साध्या नकाशावर जाड मार्करने वादळाची वाट काढून दाखवायचे. रोजच्या बातम्यांतून निवृत्त झाल्यावरही वादळ आलं की त्यांना बोलावलं जायचं, आणि शहरभर एकच प्रश्न असायचा, ‘नॅश काय म्हणतोय?’ १९९८मध्ये ‘जॉर्जेस’ वादळ शहराच्या पूर्वेला, मिसिसिपीच्या किनाऱ्याकडे जाईल असं ते म्हणाले, आणि तसंच झालं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकाच शहराला एकाच माणसाने हवामान सांगावं, याची किंमत कुठल्याही यंत्रात मोजता येत नाही.

चित्राची ताकदही विसरू नये. सप्टेंबर १९६१मध्ये ‘कार्ला’ वादळ टेक्सासकडे येत असताना ह्यूस्टनच्या केएचओयू केंद्राचे तरुण वृत्तसंपादक डॅन रादर आपली माणसं घेऊन गॅल्व्हेस्टनच्या हवामान कार्यालयात गेले. तिथे नवं रडार होतं. पडद्यावर पांढरा भोवरा दिसत होता, पण तो किती मोठा हे सामान्य माणसाला कसं कळणार? रादर यांनी पारदर्शक प्लास्टिकवर टेक्सासच्या किनाऱ्याचा नकाशा काढून घेतला आणि तो रडारच्या पडद्यावर धरला. लोकांना दिसलं की वादळाने अर्धा किनारा झाकलाय. रडारचं चित्र असं थेट टीव्हीवर दिसण्याची ती पहिलीच वेळ. त्या वादळात सुमारे साडेतीन लाख लोक किनारा सोडून गेले. याच गॅल्व्हेस्टनमध्ये १९००च्या वादळाने हजारो माणसं गिळली होती, म्हणजे गावाच्या आठवणीत भीती होतीच. प्लास्टिकच्या त्या तुकड्याने भीतीला माप दिलं.

भीती किती घालायची

हा या कामातला सर्वांत कठीण प्रश्न, आणि त्याचं तयार उत्तर नाही. सप्टेंबर २००५मध्ये, ‘कतरिना’नंतर चारच आठवड्यांनी, ‘रिटा’ वादळ ह्यूस्टनच्या दिशेने निघालं. ‘कतरिना’त बुडालेल्या न्यू ऑर्लिन्सची दृश्यं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजी होती. ज्यांच्या वस्तीला उधाणाचा धोका होता ते निघाले, आणि ज्यांना काही धोका नव्हता असे लाखो लोकही निघाले. महामार्ग तासन्‌तास तुंबले. पेट्रोल संपलं, उन्हात गाड्या बंद पडल्या. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला डलासजवळ आग लागली आणि त्यात २३ जण गेले. शहर सोडण्याच्या त्या धावपळीत एकूण शंभराच्या आसपास माणसं दगावली. वादळ शेवटी ह्यूस्टनला चुकवून पूर्वेला गेलं.

दोष एकट्या माध्यमांचा नव्हता. पण ‘निघा’ म्हणताना ‘कुणी निघा आणि कुणी घरातच थांबा’ हे त्याच आवाजात सांगितलं पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला. म्हणून आज चांगलं केंद्र धोक्याच्या विभागांची ए, बी, सी अशी अक्षरं सांगतं, रस्त्यांची नावं घेतं, आणि ज्यांनी थांबायचं त्यांनाही सांगतं की तुम्ही थांबलात ते बरोबर केलंत.

उलट टोकाचा प्रसंग ७ ऑक्टोबर २०२४चा. ‘मिल्टन’ वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब (तो जितका उतरतो तितकं वादळ जोरदार) दहा तासांत ५० मिलिबारने उतरला, हे सांगताना मायामीचे अनुभवी हवामानतज्ज्ञ जॉन मोरालेस यांचा कंठ दाटून आला. आयुष्यभर न घाबरता बोलणारा माणूस असा हेलावला, तर ऐकणाऱ्याला आकडा कळला नाही तरी अर्थ कळतो. मला स्वतःला त्यात नाटक दिसलं नाही. मात्र दर वर्षी प्रत्येक वादळाला ‘शतकातलं सर्वांत भीषण’ म्हणणाऱ्यांच्या हाती असा क्षण उरत नाही.

तसंच वाऱ्यात डोलणाऱ्या बातमीदाराचं. रेनकोट घालून, खांबाला धरून ओरडणारा बातमीदार म्हणजे वादळाचं वार्तांकन, असं चित्र आपल्याही डोक्यात बसलंय. त्याच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: घर न सोडणाऱ्याला बाहेरची अवस्था पाहून शहाणपण सुचतं. पण उडत येणारा एक पत्रा त्या माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि ‘तो उभा राहू शकतो तर मीही राहीन’ असा उलटा अर्थही निघतो. मला त्यापेक्षा एकाच दिव्याच्या खांबावर दर तासाला पाणी किती चढलं ते दाखवणारा कॅमेरा अधिक मोलाचा वाटतो. ज्याचं घर त्या चौकात आहे त्याला दुसरं काही सांगावंच लागत नाही.

मनोरा पडला तर

प्रक्षेपणाची साखळी अशी असते: स्टुडिओत माणूस बोलतो, तो आवाज एका दुव्यावरून ट्रान्समीटरकडे जातो, तिथून उंच मनोऱ्यावरून हवेत. यातली एक कडी तुटली की सगळं मुकं. एएम रेडिओचे, म्हणजे आपल्या मध्यम लहरींचे, मनोरे मुद्दाम ओलसर, सखल जमिनीवर उभारतात, कारण ओल्या जमिनीवरून त्या लहरी दूर जातात. साहजिकच पूर आला की पहिलं पाणी तिथेच.

लुइझियानातल्या लेक चार्ल्सच्या केपीएलसी केंद्रावर ऑगस्ट २०२०मध्ये ‘लॉरा’ वादळात स्वतःचा मनोराच कोसळला, आणि तो थेट स्टुडिओच्या इमारतीवर. आत कुणी नव्हतं. उधाणातून वाचणं शक्य नाही, अशा शब्दांत हरिकेन केंद्राने इशारा दिला होता, आणि केपीएलसीची माणसं आधीच बॅटन रूजच्या सहयोगी केंद्रात गेली होती. तिथूनच ती आपल्या गावाशी बोलत राहिली. वादळात टिकून राहण्याइतकंच वेळेवर निघून जाणंही शौर्याचं असतं.

ह्यूस्टनच्या केएचओयूला निघायला एवढा वेळ मिळाला नाही. ऑगस्ट २०१७मध्ये ‘हार्वी’ वादळ टेक्सासवर ठाण मांडून बसलं. नेदरलँड या गावी १,५३९ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईचा दोन महिन्यांचा पाऊस काही दिवसांत पडला म्हणा ना. केएचओयूची इमारत बफेलो बायू या ओढ्याच्या काठी होती. पाणी तळमजल्यावर शिरलं, निवेदक बोलता बोलता वरच्या मजल्यावर गेले, आणि शेवटी इमारत सोडावी लागली. काही काळ डलासच्या सहयोगी केंद्राने प्रक्षेपण सांभाळलं, मग ह्यूस्टन विद्यापीठातल्या सार्वजनिक केंद्राने जागा दिली.

याच गोंधळात त्यांची एक बातमीदार आणि कॅमेरामन बाहेर रस्त्यावर होते. पुलाखाली साचलेल्या खोल पाण्यात एक ट्रक अडकलेला त्यांना दिसला, आत चालक. तेवढ्यात बाजूने बोट ओढत नेणारी शेरीफच्या माणसांची, म्हणजे स्थानिक पोलिसांची, गाडी आली. बातमीदाराने धावत जाऊन ती थांबवली आणि चालक वाचला. बातमीदाराने मदत करावी की फक्त बघावं, यावर वर्गात चर्चा होतात. गाव आपलं असेल तर तो प्रश्न उरत नाही.

इशाऱ्याची एक सरकारी यंत्रणाही या केंद्रांना जोडलेली आहे. कार्यक्रम मध्येच तोडून कर्कश आवाज येतो आणि मग सूचना ऐकू येते. देशभरात सत्त्याहत्तर रेडिओ केंद्रं तर खास मजबूत केली आहेत, जनरेटर आणि भरपूर इंधनासह, म्हणजे बाकी सगळं बंद पडलं तरी ती बोलू शकतील. मात्र भोंगा वाजवणं यंत्राला जमतं, गादीचं सुचायला माणूस लागतो. आणि तो माणूसही नेमका हवा. २०१७च्या ‘इर्मा’ वादळात फ्लोरिडातल्या एका काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, पत्रकार परिषदेत बहिऱ्यांसाठी खुणांची भाषा नीट न येणाऱ्याला उभं केलं गेलं. पडद्यासमोरच्या बहिऱ्या लोकांना इशाऱ्याऐवजी ‘पिझ्झा’, ‘राक्षस’ असले असंबद्ध शब्द दिसले. त्यांच्यासाठी त्या दिवशी इशारा झालाच नाही.

वादळ गेल्यावर

राष्ट्रीय वाहिन्यांसाठी वादळ धडकलं की बातमीचा कळस होतो. स्थानिक केंद्रासाठी काम तिथे सुरू होतं.

२९ ऑगस्ट २००५ला ‘कतरिना’ धडकलं तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या डब्ल्यूडब्ल्यूएल रेडिओवर गार्लंड रॉबिनेट बोलत होते. वाऱ्याने स्टुडिओची खिडकी फुटली, तरी ते बोलत राहिले. मग बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. फोन क्वचित लागत होते, पण जे लागत होते ते या केंद्राला लागत होते. माळ्यावर अडकलेली माणसं फोन करत होती. निवेदक पत्ता विचारून तो हवेत सांगत होते, या आशेने की बोट असलेला कुणीतरी ऐकत असेल. या केंद्राची ताकद ५० हजार वॉट, आणि रात्री मध्यम लहरी आकाशातून परावर्तित होऊन शेकडो मैल जातात, त्यामुळे दूर दूरच्या राज्यांत पांगलेले शहरवासीही गाडीत बसून आपलं शहर ऐकत होते.

त्यानंतर जे घडलं ते मला या सगळ्या कहाणीत सर्वांत सुंदर वाटतं. शहरातल्या रेडिओ केंद्रांच्या दोन मोठ्या, एकमेकींच्या कट्टर स्पर्धक कंपन्यांनी बॅटन रूजमध्ये एकत्र बसून एकच प्रक्षेपण सुरू केलं. ‘युनायटेड रेडिओ ब्रॉडकास्टर्स ऑफ न्यू ऑर्लिन्स’ असं त्याला नाव दिलं. काल ज्याचे श्रोते पळवायचे त्याच्याच शेजारी बसून, एकच माइक वाटून घेत निवेदक बोलत होते. १ सप्टेंबरच्या रात्री शहराचे महापौर रे नेगिन यांनी रॉबिनेट यांच्याशी बोलताना केंद्र सरकारला अक्षरशः ‘बूड हलवा’ असं रडत-ओरडत सुनावलं. ती मुलाखत पुढे जगभर वाजली.

टीव्हीत डब्ल्यूडब्ल्यूएल-टीव्ही हे शहरातलं एकमेव केंद्र सलग चालू राहिलं, कारण नदीपलीकडे ग्रेटनामधला त्यांचा ट्रान्समीटर कोरडा राहिला आणि बॅटन रूजच्या विद्यापीठात पर्यायी स्टुडिओची व्यवस्था आधीच लावलेली होती. शेजारच्या मिसिसिपीत बिलॉक्सीच्या डब्ल्यूएलओएक्सने इमारतीच्या छपराचा काही भाग गमावूनही प्रक्षेपण सोडलं नाही. या दोन्ही केंद्रांना पत्रकारितेतला मानाचा पीबडी पुरस्कार मिळाला.

याची काळी बाजूही आहे. लोकांनी आसरा घेतलेल्या सुपरडोम या स्टेडियममध्ये खून पडतायत, टोळ्या गोळीबार करतायत, अशा बातम्या तेव्हा सगळीकडे फिरल्या. पुढे चौकशीत त्यातल्या बहुतेक अफवा निघाल्या. पण तोवर मदतीला येणारे लोक घाबरून थांबले होते. फोन करणाऱ्याचं दुःख खरं असतं, पण त्याने ऐकलेली गोष्ट खरी असेलच असं नाही. ‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ हा एक प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात, आणि वादळानंतरच्या रेडिओवर तो सर्वांत आधी विसरला जातो.

अमेरिकेच्याच ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटावर २० सप्टेंबर २०१७ला ‘मारिया’ वादळ आलं. संपूर्ण बेटाची वीज गेली, मोबाइलचे ९५ टक्के मनोरे बंद पडले, हवामान खात्याचं रडारही उडालं. सान हुआनमधलं वापा रेडिओ हे एएम केंद्र मात्र बोलत राहिलं. लोक चालत, गाडीने, जमेल तसे त्या केंद्राच्या दारात आले. हातात चिठ्ठ्या. अमुक गावच्या अमक्या आजीला सांगा, आम्ही ठीक आहोत. अमक्याची औषधं संपली आहेत. निवेदक त्या एकामागून एक वाचत होते. अमेरिकेचं विज्ञान मंगळावर गाड्या चालवत असताना ३० लाखांहून अधिक माणसांचं बेट एका माणसाच्या वाचनावर जोडलेलं होतं.

आवाज कुणाकडे उरलाय

आणि आता तोच आवाज विरळ होत चाललाय. केंद्रांच्या मालकीवरची मर्यादा सैल करणाऱ्या १९९६च्या कायद्यानंतर अमेरिकेत एकेका कंपनीकडे शेकडो रेडिओ केंद्रं गेली. पुष्कळ ठिकाणी निवेदक दुसऱ्याच शहरात बसून आधीच ध्वनिमुद्रण करून ठेवतो. २०१७मध्ये तर केंद्राचा स्टुडिओ त्याच्या गावाच्या परिसरात असलाच पाहिजे हा नियमही रद्द झाला. अशा केंद्रावर वादळाच्या रात्री भोंगा वाजेल, आणि पुन्हा गाणी सुरू होतील. कुठला पूल खचला हे सांगायला तिथे कुणी नसेल.

गाड्यांमधूनही एएम रेडिओ जाऊ लागला. विजेवरच्या गाड्यांच्या मोटारीमुळे एएमवर खरखर येते म्हणून काही कंपन्यांनी तो काढून टाकला. त्यावर २०२३मध्ये प्रत्येक गाडीत एएम सक्तीचा करणारं विधेयक तिथल्या संसदेत आलं, दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने. शिवाय २०२५च्या उन्हाळ्यात सार्वजनिक रेडिओ-टीव्हीचा केंद्रीय निधी रद्द झाला. फ्लोरिडात सार्वजनिक रेडिओ केंद्रांनी गेन्सव्हिलच्या विद्यापीठातून चालणारं आपत्ती-वार्तांकनाचं एक सामायिक जाळं उभारलंय, छोट्या केंद्रांना परवडत नाहीत असे हवामानतज्ज्ञ ते सगळ्यांना मिळून पुरवतं. अशा कामाला पैसा कुठून यायचा, हा प्रश्न आता प्रत्येक छोट्या केंद्रापुढे आहे.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइल मुके झाले होते. गावच्या घराची कौलं राहिली की गेली, हे मुंबई-पुण्यातल्या माणसांना कळायला दिवस लागले. फोनमध्ये एफएम रेडिओ असला तर नेटवर्क नसतानाही ऐकता येतो. २०२३मध्ये आपल्या केंद्र सरकारनेही मोबाइल कंपन्यांना ही सोय चालू ठेवायला सांगितलं, आणि त्यामागच्या कारणांत आपत्तीचा उल्लेख होता. पण फोन ऐकायला तयार असला तरी पलीकडून बोलणारा हवा, आणि तो आपल्या तालुक्याचा रस्ता ओळखणारा हवा.

समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी तरी निर्धास्त असावं का? सप्टेंबर २०२४मध्ये ‘हेलीन’ वादळ फ्लोरिडात धडकलं आणि दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातलं ॲशव्हिल शहर वाहून निघालं. रस्ते तुटले, मोबाइल आणि इंटरनेट गेलं. लोक गाडीत जाऊन बसायचे, कारण घरात चालणारा रेडिओ पुष्कळांकडे नव्हता, गाडीत होता. ब्लू रिज पब्लिक रेडिओ हे छोटं सार्वजनिक केंद्र प्रशासनाच्या पत्रकार परिषदा थेट ऐकवत होतं. कुठला रस्ता उघडला, पाणी कुठे वाटतायत, कुठे जेवण आहे. शहराच्या नळांना पुन्हा पिण्याजोगं पाणी आलं १८ नोव्हेंबरला, म्हणजे सात आठवड्यांहून अधिक काळाने. देशाचे कॅमेरे तोवर कधीच दुसरीकडे वळले होते. आज पाणी कुठे मिळेल, ही तिथल्या रेडिओची बातमी मात्र चालूच होती.